खंदक, दरी आणि दरवाजा

आपल्या समाजातील लेखक-लेखिकांचे लिखाण वाचताना एक शब्द वारंवार आमच्या नजरेस पडतो. तो शब्द म्हणजे 'खंदक'. दोन पिढ्यांमधला खंदक, श्रीमंत आणि गरीब यांच्यामधला खंदक, विज्ञान आणि श्रद्धा यांच्यामधला खंदक, वेदीवरचा धर्मगुरू आणि बाकावरचा भाविक यांच्यामधला खंदक. कवितेत तो आहे, ललित लेखात आहे, उपवासकाळातील प्रवचनांत तर हमखास आहे. शब्द भारदस्त आहे, उच्चारताना घसा खोल जातो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा जुना किल्ला उभा राहतो. म्हणूनच तो लेखणीखाली चटकन येत असावा. परंतु या शब्दाचा अर्थ आपण नीट पाहिला आहे काय, असा प्रश्न आम्हांला पडला. हा प्रश्न आम्ही इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारला आहे, कारण या शब्दाच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती पुढे येईलच.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. 'खंदक' आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'कंदन' म्हणजे खणणे. त्या धातूपासून झालेला शब्द अरबीने उचलला, 'ख'कार लावून आपलासा केला आणि पुन्हा फारसीला परत दिला. तेथून तो दख्खनच्या सुलतानांच्या दप्तरांतून मराठीत उतरला. इसवी सन ६२७ मध्ये मदिना शहराभोवती चर खणून जी लढाई लढली गेली, तिला इस्लामी इतिहासात खंदकाची लढाई असेच नाव आहे, आणि ही युक्ती सलमान नावाच्या एका इराणी अनुयायाने सुचवली, अशी परंपरा सांगते. पण शब्द परका म्हणून त्याला बाहेर ठेवण्याचे कारण नाही. फारसीतील 'कंदन' आणि संस्कृतातील 'खन्' हे सख्खे भाऊ आहेत. आपले खणणे, खाण, खनिज, खात हे सारे त्याच घरातले. किल्ल्याभोवतीच्या खंदकाला संस्कृतात 'परिखा' म्हणतात, म्हणजे सभोवार खणलेली. तेव्हा 'खंदक' हा दूरच्या मुलुखात वाढून घरी आलेला आपलाच नातलग समजावा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्ग कसा बांधावा याचे प्रकरण आहे. त्यात एकाबाहेर एक अशा तीन परिखा सांगितल्या आहेत, चौदा, बारा आणि दहा दंड रुंदीच्या. त्यांत पाणी असावे, कमळे असावीत आणि मगरी असाव्यात. कमळे आणि मगरी एकाच ओळीत सांगणारा हा लेखक आम्हांला फार आवडतो. पण आमच्या विषयाला अधिक उपयोगी आहे ती पुढची सूचना: खणून निघालेल्या मातीचाच तट उभारावा. खणणारा माणूस एकाच वेळी दोन गोष्टी करतो, खाली खड्डा आणि वर ढीग. खंदक आणि तट ही जुळी भावंडे आहेत.

ही गोष्ट भाषांनाही ठाऊक आहे. इंग्रजीत खंदकाला 'मोट' म्हणतात. (आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचा संबंध नाही.) हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तेथे त्याचा अर्थ खड्डा नसून मातीचा उंचवटा असा होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात उतरले, तेव्हा त्यांनी मातीचे ढीग रचून त्यांवर लाकडी गढ्या बांधल्या. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात फावडी घेऊन असा ढीग रचणारे मजूर दाखवले आहेत. पुढे ढिगाचे नाव हळूहळू ढिगाभोवतीच्या चराला पडले आणि वरचा अर्थ खाली गेला. सेमिनरीत असताना आमचा एक सहाध्यायी इंग्रजी बायबल वाचताना डोळ्यातल्या कुसळासाठी असलेला सारख्या उच्चाराचा शब्द ऐकून फसला होता. भावाच्या डोळ्यात खंदक कसा असेल, असे त्याने भर वर्गात विचारले. आम्ही सारे हसलो. आता वाटते, प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता.

दानिएलच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात यरुशलेम पुन्हा बांधले जाईल असे वचन आहे, चौकासह आणि आणखी एका गोष्टीसह. ती दुसरी गोष्ट कोणती? मूळ हिब्रू शब्द 'हारूत्स' असा आहे आणि त्याच्या मुळाशी कापण्याचा अर्थ आहे. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तेथे तट आहे, जुन्या इंग्रजी भाषांतरातही तटच आहे, आणि आधुनिक भाषांतरांपैकी कित्येकांत खंदक आहे. खंदकाच्या बाजूने एक साक्ष दगडावर कोरलेली मिळते. सिरियात सापडलेल्या, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या झक्कूर राजाच्या आरमाइक शिलालेखात शत्रूंनी शहराला वेढा घालून तटाहून उंच तट रचला आणि खंदकाहून खोल खंदक खणला असे वर्णन आहे, आणि तेथील खंदकाचा शब्द या हिब्रू शब्दाचा सहोदर आहे. म्हणजे येथेही अर्थ तटावरून खंदकात उतरला, आणि दोन्ही भाषांतरकार तसे पाहता एकाच बांधकामाच्या दोन बाजू सांगत होते.

खंदक म्हणजे काय, याचे उत्तर येथवर असे मिळते. तो माणसाने खणलेला असतो. तो कशाचे तरी रक्षण करण्यासाठी असतो. आणि त्याला कोठेतरी एक पूल व एक दरवाजा असतो, नाही तर आतल्या माणसांनी दाणापाणी आणावे कसे? देवगिरीच्या किल्ल्याला अखंड खडक तासून केलेला खंदक आहे, पण त्यावरून आत जाणारी चिंचोळी वाट ठेवलेलीच आहे. मराठीत आपण आणखी एका गोष्टीला खंदक म्हणतो. सैनिक गोळीबारापासून वाचण्यासाठी ज्यात उतरून बसतात, तो चर. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. आपल्या शब्दाला दोन्हींचा भार उचलावा लागतो, म्हणून लेखकाने आपला माणूस खंदकाच्या मागे आहे की खंदकाच्या आत, हे तरी निश्चित करावयास हवे. पुष्कळ कवितांत ते निश्चित नसते.

आता साहित्याकडे वळू. खंदकाचा सर्वांत गाजलेला उपयोग शेक्सपिअरच्या 'दुसरा रिचर्ड' या नाटकात आहे. मरणशय्येवरचा वृद्ध जॉन ऑफ गाँट आपल्या मायभूमीचे स्तोत्र गातो आणि तिच्याभोवतीच्या समुद्राला घराच्या खंदकाची उपमा देतो. इंग्लंडातील शाळांतून आणि आपल्याकडील जुन्या इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून हा उतारा देशभक्तीचा नमुना म्हणून पाठ करून घेतला जात असे. आम्हीही केला होता. मौज अशी की पाठ करून घेणारे तो बहुधा मध्येच तोडत. त्या लांबलचक वाक्याचे क्रियापद शेवटी येते, मराठीत येते तसे, आणि ते येते तेव्हा कळते की म्हातारा स्तुती करीत नसून आक्रोश करीत आहे. एवढी सुरक्षित भूमी तिच्याच राजाने भाडेपट्ट्याने दिली आहे, दुसऱ्यांना जिंकणारी भूमी स्वतःच स्वतःकडून जिंकली गेली आहे, हा त्याचा मुद्दा आहे. खंदकाची उपमा शेक्सपिअरने योजली ती खंदक निरुपयोगी ठरला हे दाखविण्यासाठी. ज्या वाचकाला क्रियापदापर्यंत थांबण्याची सवय आहे, त्याने तरी हा उतारा अर्ध्यावर सोडू नये.

त्याच नाटककाराच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये मारियाना नावाची एक मुलगी आहे. तिच्या भावाचे जहाज बुडाले, त्यात तिचा हुंडा गेला, आणि हुंडा गेल्याबरोबर वाग्दत्त वरानेही पाठ फिरवली. (या कथेचा परदेशीपणा आपल्या वाचकांना फारसा जाणवणार नाही.) ती खंदकाने वेढलेल्या एका शेतवाडीवर दिवस काढते, एवढाच उल्लेख नाटकात आहे. त्या दोन-तीन शब्दांवरून टेनिसनने १८३० मध्ये एक अख्खी कविता लिहिली. कवितेत खंदकाला कोणी वेढा घालत नाही, कोणी पूल ओलांडत नाही. शेवाळाने झाकलेले काळे पाणी साचून राहिले आहे आणि आत एक स्त्री येणाऱ्याची वाट पाहून मरण मागते आहे. शत्रूला अडविण्यासाठी केलेली योजना मित्रालाही अडविते, आणि शेवटी आतल्याचाच तुरुंग होते, हे टेनिसनने एका शब्दानेही न सांगता दाखविले आहे. आम्हांला विचाराल तर खंदकावर लिहिलेले याहून चांगले काही आमच्या वाचनात नाही. आपल्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचा रुंद खंदक असाच उलटा कामी आला. ज्या खंदकाने निजामशाहीत शत्रू बाहेर ठेवला, त्याच खंदकाआड इंग्रज सरकारने १९४२ मध्ये पंडित नेहरू व त्यांचे सहकारी आत ठेवले. 'भारताचा शोध' हा ग्रंथ तेथेच लिहिला गेला.

मराठी माणसाचे नाव एका खंदकाला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. कलकत्त्यातील रहिवासी घाबरले, आणि शहराभोवती खंदक खणण्याचे ठरले. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला, पण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, तेव्हा काम अर्ध्यावर राहिले. १७५६ मध्ये सिराजउद्दौला आला, तेव्हा त्या अर्धवट 'मराठा खंदका'ने त्याला अडविले नाही. पुढे तो बुजवून त्या जागी सर्क्युलर रोड झाला. कलकत्त्याच्या रहिवाशांना मात्र बराच काळ थट्टेने 'खंदकवाले' अशा अर्थाचे इंग्रजी नाव चिकटून राहिले. मुंबईचेही तसेच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घाबरून कोटाभोवतीच्या खंदकासाठी वर्गणी दिली. १८६० च्या दशकात तट पाडले गेले आणि खंदक गेला. आज त्या भागाचे 'फोर्ट' एवढे नाव उरले आहे. आमचे पूर्वज त्या वेळी वसईत होते. कोणाच्या भीतीचा खंदक कोणासाठी खणला गेला, याचा हिशेब इतिहास सरळ लावू देत नाही.

अलीकडे हा शब्द पैशाच्या जगात गेला आहे. वॉरन बफे या अमेरिकन गुंतवणूकदाराने तो प्रचलित केला. ज्या उद्योगाभोवती प्रतिस्पर्ध्याला ओलांडता येणार नाही असा खंदक आहे, तोच विकत घ्यावा, असे त्यांचे तत्त्व. उपमा म्हणून ती चोख आहे, त्यात आम्हांला दोष काढता येत नाही. माणसाने खणलेला, रक्षणासाठी, मुद्दाम. बफे यांनी शब्द आमच्यापेक्षा अचूक वापरला, हे कबूल केले पाहिजे.

कारण धार्मिक लिखाणात मात्र गोंधळ आहे. अविलाच्या संत तेरेजाने १५७७ मध्ये 'अंतरीचा किल्ला' लिहिला. आत्मा हा स्फटिकाचा किल्ला, त्यात अनेक दालने, सर्वांत आत राजा. या ग्रंथावर प्रवचन देताना आपल्यापैकी काही जण किल्ल्याभोवती खंदक घालतात आणि त्यात सुसरीही सोडतात. आम्हीही चिंतनशिबिरांत हे केले आहे. श्रोते खूश होतात. पण तेरेजाने भर दिला आहे तो दरवाजावर. शरीर हा त्या किल्ल्याचा बाह्य तट आणि प्रार्थना हा दरवाजा, असे ती सांगते. किती तरी लोक तटाजवळच्या फेरीच्या वाटेवर आयुष्य काढतात आणि आत काय आहे ते पाहत नाहीत, ही तिची खंत आहे. सरपटणारे प्राणी तिच्याकडे आहेत, पण ते माणसाबरोबर आत शिरतात. ज्या धोक्याला आपण स्वतःच दरवाजातून घेऊन जातो, त्याला कोणता खंदक अडविणार? खंदक घातला की तेरेजाची सारी योजना बिघडते, कारण मग शत्रू बाहेरचा होतो.

आणि आता लाजरची गोष्ट. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्यामध्ये मरणानंतर जे अंतर पडते, त्यासाठी ग्रीकमध्ये 'खास्मा' असा शब्द आहे, आ वासलेले तोंड अशा अर्थाचा. संत जेरोमने लॅटिनमध्ये त्याच मुळाचा 'खाओस' शब्द ठेवला. मराठीत आपण 'दरी' म्हणतो आणि ते अगदी योग्य आहे. दरी म्हणजे विदीर्ण झालेली, फाटलेली भूमी. ती कोणी खणत नाही, तिला फावडे लागत नाही आणि तिच्यातून निघालेल्या मातीचा ढीग कोठे दिसत नाही. शुभवर्तमानात तर ती ठेवली गेली आहे, पक्की केली गेली आहे, इकडून तिकडे कोणी जाऊ नये म्हणून. पृथ्वीवर या दोघांमध्ये काय होते? ना दरी, ना खंदक. एक दरवाजा होता, आणि लाजर त्या दरवाजापाशी पडून होता. कथा सांगताना प्रभू येशूने दरवाजाचा उल्लेख आधी केला आहे आणि दरीचा नंतर.

हे सारे आम्हांला उशिरा कळले. आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामात दोन भाऊ होते. बापाच्या वाडीची वाटणी झाली, पाण्यावरून तंटा झाला, आणि थोरल्याने हद्दीवर कमरेएवढा चर खणला. त्याच्या बांधावरून धाकट्याची मुले शाळेला जात असत, ती वाट तुटली. बोलणे बंद झाले. लाजरच्या वाचनाचा रविवार आला तेव्हा आम्हांला वाटले, आता संधी आहे. आम्ही कोणाचे नाव न घेता आवेशाने प्रवचन दिले. माणूस माणसापासून दूर होतो तेव्हा एक खंदक पडतो, आणि तो खंदक, प्रभू सांगतो, कोणालाही ओलांडता येत नाही, असे काहीसे आमचे शब्द होते. दरीच्या जागी खंदक आम्हीच घातला. तो अधिक परिणामकारक वाटला. देवळात शांतता पसरली आणि आम्हांला प्रवचन साधले असे वाटले.

संध्याकाळी धाकटा भाऊ आमच्याकडे आला. तो फार शिकलेला नव्हता. आयुष्यभर बावखले खणण्याची आणि गाळ काढण्याची कामे केलेला माणूस. उभ्याउभ्याच म्हणाला, "फादर, आज तुम्ही काय बोललात? दादा घरी येऊन सांगतोय, फादरनेच म्हटलंय, आता हे पार होणार नाही म्हणून. अहो, तो चर आहे. त्याने दोन दिवसांत खणला, मी एका दिवसात बुजवीन. माती तिथेच बांधावर पडली आहे, कुठे गेलेली नाही."

आम्ही त्याला ग्रीक शब्द समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, हे आज लिहितानाही आम्हांला लाज वाटते. त्याने ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाला, "दादाला तुमचंच पटतं, फादर. तुम्ही पुन्हा सांगा."

पुढच्या रविवारचे वाचन वेगळे होते. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. एका रविवारी सांगितलेले दुसऱ्या रविवारी दुरुस्त करणे धर्मगुरूला शोभत नाही, असे त्या वयात आम्हांला वाटत असे. आम्ही थोरल्याच्या घरी दोनदा गेलो. त्याने चहा दिला, आदराने बसवले आणि आमचेच वाक्य आम्हांला ऐकवले. त्यानंतर आमची बदली झाली.

थोरला भाऊ काही वर्षांनी वारला. अंत्यविधीला आम्ही गेलो होतो. धाकटा शवपेटीला खांदा देऊन चालला होता. मातीच्या वेळी त्याने मूठभर माती टाकली आणि बाजूला होऊन बराच वेळ उभा राहिला. परतताना आम्ही मुद्दाम वाडीच्या वाटेने गेलो. चर अर्धा बुजला होता. कोणी बुजवला की पावसाने, ते सांगता येत नव्हते. उरलेल्या अर्ध्यात पाणी धरून राहिले होते, आणि दोन्ही घरांच्या बाजूंनी त्यात अळू लावलेले होते.